सार्वमताआधीची आश्वासने : शब्द एकाचा, सही दुसऱ्याची

मतपत्रिकेवरचा प्रश्न अवघ्या सहा शब्दांचा होता. 'स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा का?' त्याखाली दोन चौकटी होत्या, एक 'हो'ची आणि दुसरी 'नाही'ची. १८ सप्टेंबर २०१४ रोजी ३६ लाखांहून अधिक मतदारांनी यांपैकी एका चौकटीत फुली मारली. परंतु या सहा शब्दांना उत्तर देण्यासाठी त्यांनी काय काय वाचावे अशी अपेक्षा होती, ते पाहिले तर छाती दडपते. स्कॉटिश सरकारने काढलेली श्वेतपत्रिका ६७० पानांची होती आणि तीत सुमारे साडेसहाशे प्रश्नोत्तरे होती. लंडनच्या सरकारने प्रत्युत्तरादाखल अहवालांची मालिकाच प्रसिद्ध केली. पौंड राहणार का, निवृत्तिवेतन कोण देणार, पासपोर्ट कोणता मिळणार, युरोपीय संघातले स्थान टिकणार का, येथपासून बीबीसीच्या लोकप्रिय मालिका घरबसल्या दिसत राहतील का, येथपर्यंत एकही शंका चर्चेतून सुटली नाही.

तरीही मतदानाच्या दिवशी, यांतील महत्त्वाच्या बहुतेक प्रश्नांची खात्रीलायक उत्तरे कोणाकडेच नव्हती. हा कोणाचा आळस नव्हता. स्वातंत्र्याच्या सार्वमताची रचनाच अशी असते की सर्वांत मोठे प्रश्न मतदानानंतरच्या वाटाघाटींत सुटायचे असतात आणि मत मात्र आधी द्यायचे असते.

सार्वत्रिक निवडणुकीत मतदार पक्षाचा जाहीरनामा पाहतो, तो पाळला गेला नाही तर पुढच्या वेळी त्या पक्षाला घरी बसवतो. आश्वासन देणारा आणि ते पाळणारा तेथे एकच असतो, आणि हिशेब चुकता करण्याची तारीखही ठरलेली असते. सार्वमतात या दोन्ही गोष्टी नसतात. 'हो'च्या बाजूने प्रचार करणारा पक्ष स्वतंत्र देशात सत्तेवर येईलच असे नाही. 'नाही'च्या बाजूची मंडळी तर एकमेकांचे राजकीय प्रतिस्पर्धी असतात आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या तंबूत परततात. निर्णय मात्र पाच वर्षांनी फिरवता येत नाही.

त्यामुळे अशा प्रचारातील आश्वासन ऐकताना ते आकर्षक आहे की नाही यापेक्षा ते पाळण्यासाठी आणखी कोणाची संमती लागेल, हा प्रश्न अधिक उपयोगाचा ठरतो. काही आश्वासने बोलणाऱ्याच्या स्वतःच्या हातातली असतात. काही आश्वासनांवर समोरच्याची सही लागते. आणि काहींवर सही करायला कोणीच नसते, कारण ती बाजारभावावर किंवा निसर्गावर अवलंबून असतात. स्कॉटलंडमध्ये या तिन्ही जातींची आश्वासने एकाच सुरात, एकाच आत्मविश्वासाने दिली गेली. दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यानंतर त्यांचे काय झाले हे आता तपासता येते.

न झालेल्या वाटाघाटी

मे २०११ च्या निवडणुकीत अॅलेक्स सॅमंड यांच्या स्कॉटिश नॅशनल पार्टीने एडिंबराच्या संसदेत १२९ पैकी ६९ जागा जिंकल्या. ज्या निवडणूक पद्धतीत कोणालाच स्पष्ट बहुमत मिळू नये असा अंदाज बांधला गेला होता, तिच्यात हे बहुमत मिळाले आणि सार्वमत अटळ झाले. १५ ऑक्टोबर २०१२ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन आणि सॅमंड यांनी एडिंबरा करारावर सह्या केल्या. सार्वमत कायदेशीर असेल, निकाल दोन्ही सरकारे मान्य करतील आणि निकालानंतर सहकार्याने काम करतील, असे त्यात ठरले. मतदानाचे वय सोळा करण्यात आले. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल व युरोपीय संघाच्या नागरिकांनाही मताधिकार मिळाला. म्हणजे ग्लासगोत राहणारा भारतीय विद्यार्थी या निर्णयात सहभागी होऊ शकत होता, पण लंडनमध्ये नोकरी करणारा अस्सल स्कॉटिश माणूस नाही.

प्रश्नाचे शब्दही तपासून घेण्यात आले. 'तुम्ही सहमत आहात का' अशी मूळ सुरुवात मतदाराला होकाराकडे ढकलते, असा अभिप्राय निवडणूक आयोगाने जानेवारी २०१३ मध्ये दिला आणि ते शब्द वगळले गेले. त्याच वेळी आयोगाने आणखी एक शिफारस केली होती. निकालानंतरची प्रक्रिया नेमकी कशी असेल हे दोन्ही सरकारांनी एकत्रितपणे मतदारांना सांगावे, अशी ती शिफारस होती. पहिली सूचना तत्परतेने अमलात आली. दुसरीतून हाती लागले ते एक मोघम निवेदन.

कारण उघड होते. मतदानापूर्वी वाटाघाटी करणार नाही, ही लंडनची ठाम भूमिका होती. चलन, कर्ज, लष्करी तळ यांची वाटणी कशी होईल हे आधीच ठरले असते, तर स्वातंत्र्य ही एक समजण्याजोगी, मोजता येण्याजोगी गोष्ट झाली असती. ती अंधारातली उडी वाटण्यातच 'नाही'च्या बाजूचा फायदा होता. युरोपीय संघाच्या सदस्यत्वाबाबतही असेच घडले. एखाद्या सदस्यदेशाने नेमकी परिस्थिती मांडून विचारणा केली तर कायदेशीर मत देऊ, असे युरोपीय आयोगाचे म्हणणे होते. सदस्यदेश ब्रिटन होता आणि ब्रिटनने ही विचारणा केली नाही. म्हणजे मतदारांपुढची अनिश्चितता सगळीच अपरिहार्य नव्हती. तिचा काही भाग दूर करणे शक्य होते, पण तसे करण्यात एका बाजूला रस नव्हता. दुसऱ्या बाजूने तो भाग जणू अस्तित्वातच नाही असे भासवले.

पौंडाचा पेच

या सर्व वादात सर्वाधिक गाजला तो चलनाचा प्रश्न, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

स्वतंत्र स्कॉटलंड पौंडच वापरेल आणि त्यासाठी उर्वरित ब्रिटनशी औपचारिक चलनसंघ करेल, असे श्वेतपत्रिकेत म्हटले होते. ही कल्पना हवेतली नव्हती. जोसेफ स्टिग्लिट्झ आणि जेम्स मिरलीज या दोन नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञांचा समावेश असलेल्या गटाने तशी शिफारस केली होती. व्यापार निर्वेध चालेल, कर्जे आणि निवृत्तिवेतने त्याच चलनात राहतील, सीमेच्या दोन्ही बाजूंना सोय होईल, हा त्यामागचा विचार होता. शिवाय 'आपल्या खिशातला पौंड तोच राहणार' हे सांगायलाही सोपे होते.

अडचण अशी की चलनसंघ म्हणजे केवळ एकाच नोटा वापरणे नव्हे. एखादी मोठी बँक बुडू लागली तर तिला अखेरचा आधार देण्याची हमी कोणीतरी घ्यावी लागते. स्कॉटलंडमधील बँकांचा पसारा तेथील अर्थव्यवस्थेच्या बारा पटींहून मोठा आहे, असा ब्रिटिश अर्थखात्याचा हिशेब होता. २००८ साली रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडला वाचवण्यासाठी करदात्यांचा किती पैसा ओतावा लागला, याची आठवण ताजी होती. परक्या देशातील बँकांची अशी हमी इंग्लंडच्या करदात्याने का द्यावी? यशस्वी चलनसंघासाठी सार्वभौमत्वाचा काही भाग सोडावा लागतो, असे बँक ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी जानेवारी २०१४ मध्ये एडिंबरामध्येच सांगितले. संपूर्ण सार्वभौमत्व मागणाऱ्यांना हे ऐकवणे सौम्य शब्दांत असले तरी बोचरे होते.

१३ फेब्रुवारी २०१४ रोजी अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी एडिंबराला येऊन चलनसंघ होणार नाही असे जाहीर केले. लेबर पक्षाचे एड बॉल्स आणि लिबरल डेमोक्रॅट्सचे डॅनी अलेक्झांडर यांनी त्याला दुजोरा दिला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे तिन्ही पक्ष एका सुरात बोलले. अर्थखात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने मंत्र्याला दिलेला गोपनीय सल्लाही प्रसिद्ध करण्यात आला, हे तर ब्रिटिश प्रशासनाच्या रीतीला सोडूनच होते.

सॅमंड यांचे उत्तर होते की ही सारी धमकी आहे, निकाल 'हो' लागला की सूर बदलेल. या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. चलन वेगळे झाले तर इंग्लंडच्या व्यापाऱ्यांनाही भुर्दंड पडणार होता. शिवाय ब्रिटनचे सर्व सार्वजनिक कर्ज आपण फेडू, अशी हमी लंडनने जानेवारीतच रोखेबाजाराला दिलेली होती. मग पौंडात वाटा नाही तर कर्जातही वाटा नाही, हा सॅमंड यांचा पवित्रा सौदेबाजी म्हणून पोकळ नव्हता. मार्चअखेरीस तर 'चलनसंघ होणारच' असे एका ब्रिटिश मंत्र्याने नाव न सांगण्याच्या अटीवर म्हटल्याचे वृत्त 'द गार्डियन'ने दिले आणि लंडनची पंचाईत झाली.

परंतु प्रचाराच्या व्यासपीठावर हा युक्तिवाद लंगडा पडला. ५ ऑगस्टला ग्लासगोत झालेल्या दूरचित्रवाणीवरील वादात 'नाही'च्या बाजूचे नेते, माजी अर्थमंत्री अॅलिस्टर डार्लिंग यांनी एकच प्रश्न धरून ठेवला. लंडनने नकार दिला तर दुसरी योजना कोणती? आठ वर्षांच्या मुलालाही आपल्या देशाचे चलन कोणते हे सांगता येते, असा टोलाही त्यांनी लगावला. सॅमंड यांच्यापुढे पर्याय होते. पनामा अमेरिकी डॉलर वापरतो तसा कोणालाही न विचारता पौंड वापरायचा, स्वतःचे चलन काढायचे किंवा पुढेमागे युरोकडे जायचे. पण त्यांतील एकाचे नाव घेतले असते तर पहिला पर्याय आपणच सोडला असा त्याचा अर्थ झाला असता, आणि दुसऱ्या दिवसापासून सारा मारा त्या नव्या पर्यायावर सुरू झाला असता. वाटाघाटीला बसणारा माणूस आपला दुसरा पर्याय आधी उघड करत नाही. मतदाराला मात्र तोच ऐकायचा असतो. वाटाघाटी करणारा आणि मत मागणारा अशा दोन भूमिका एकाच माणसाने करायच्या म्हटल्यावर हा पेच येणारच होता. २५ ऑगस्टच्या दुसऱ्या वादात सॅमंड यांनी एक नव्हे, तीन पर्याय असल्याचे सांगून बाजी मारली, परंतु तोवर मनात शंका घर करून बसली होती.

पुढे २०१८ साली त्यांच्याच पक्षाच्या वृद्धी आयोगाने आधी औपचारिक कराराविना पौंड आणि नंतर स्वतःचे चलन असा मार्ग सुचवला. ऑक्टोबर २०२२ मध्ये निकोला स्टर्जन यांच्या सरकारनेही स्वतंत्र स्कॉटिश पौंडाचा प्रस्ताव मांडला. ज्या दुसऱ्या योजनेचे नाव २०१४ मध्ये तोंडातून निघत नव्हते, ती पुढे अधिकृत योजना झाली.

तेल, आकडे आणि तळलेले मासे

चलनाचा प्रश्न समोरच्याच्या सहीचा होता. उत्तर समुद्रातील तेलाच्या बाबतीत सही करणारेच कोणी नव्हते.

स्वातंत्र्याचे पहिले वर्ष म्हणून धरलेल्या २०१६-१७ मध्ये तेल व वायूपासून ६८० ते ७९० कोटी पौंड महसूल मिळेल, असा स्कॉटिश सरकारचा अंदाज होता. त्यासाठी पिंपाचा भाव ११० डॉलरच्या आसपास धरला होता. २०१४ च्या जूनमध्ये भाव खरोखरच त्याहून वर होता, त्यामुळे हे गृहीतक तेव्हा हास्यास्पद वाटण्याचे कारण नव्हते. मात्र सार्वमतानंतर चार महिन्यांत भाव ५० डॉलरच्या खाली आला आणि जानेवारी २०१६ मध्ये ३० च्याही खाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिकृत आकडेवारीनुसार २०१५-१६ मध्ये स्कॉटलंडच्या वाट्याचा तेलमहसूल सुमारे ६ कोटी पौंड होता. कोठे कोटींचे शतक आणि कोठे हे मूठभर! ब्रिटनच्या स्वतंत्र अर्थसंकल्पीय कार्यालयाचा अंदाज स्कॉटिश सरकारपेक्षा बराच सावध होता, पण तोही फसलाच. त्यामुळे 'आम्ही सांगत होतो' असे म्हणण्याचा अधिकार खरे तर कोणालाच नाही. चूक भाव ओळखण्यात नव्हती, तो कोणालाच ओळखता येत नाही. सतत चढउतार होणाऱ्या भावावर पाळणाघरापासून निवृत्तिवेतनापर्यंतचा सारा खर्च टांगून ठेवला आणि भाव पडला तर काय कापणार हे सांगितले नाही, ही खरी चूक.

आकड्यांच्या लढाईचा कळस २८ मे २०१४ रोजी झाला. संघराज्यात राहिल्यास पुढील वीस वर्षे प्रत्येक स्कॉटिश माणसाला वर्षाकाठी १४०० पौंडांचा लाभ होईल, असे ब्रिटिश अर्थखात्याने जाहीर केले. त्याच दिवशी स्कॉटिश सरकारने सांगितले की स्वतंत्र झाल्यास पंधरा वर्षांत प्रत्येक माणूस वर्षाला १००० पौंडांनी सुखी होईल. एकाच देशातील त्याच माणसांविषयी, एकाच दिवशी, दोन सरकारांनी काढलेले हे आकडे! दोन्हींमागे गणित होते. फरक होता तो गृहीतकांचा. एकाने तेल घटत जाईल, लोकसंख्या वृद्ध होईल, व्याज चढे राहील असे धरले. दुसऱ्याने उत्पादकता, रोजगार आणि स्थलांतर वाढेल असे धरले. ही गृहीतके अहवालाच्या आतल्या पानांवर होती आणि मथळ्यात मात्र फक्त पौंड होते.

नव्या देशाच्या उभारणीचा खर्च २७० कोटी पौंड येईल, हा अर्थखात्याचा आणखी एक आकडा. तो कसा आला? १८० सार्वजनिक संस्था आणि प्रत्येकी दीड कोटी पौंड, असा सरळ गुणाकार. ज्यांच्या संशोधनाचा आधार घेतला होता ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक पॅट्रिक डनलेव्ही यांनीच या वापरावर जाहीर हरकत घेतली आणि खर्च बारा पटींनी फुगवल्याचे म्हटले. याच सुमारास अर्थखात्याने १४०० पौंडांत काय काय येते याची एक गमतीदार यादी लेगोच्या बाहुल्यांची चित्रे लावून प्रसिद्ध केली. त्यात सुमारे दहा आठवडे रोज तळलेले मासे आणि बटाटे खाता येतील, अशीही एक नोंद होती. राजकारणात आपल्याला ओढू नका, असे लेगो कंपनीने कळवल्यावर चित्रे काढावी लागली. देशाचे भवितव्य ठरवणाऱ्या मतदारांना खात्याने नेमके काय समजले होते, असा प्रश्न तेव्हा स्कॉटलंडमध्ये अनेकांनी विचारला, आणि तो रास्त होता.

याच्या नेमके उलट उदाहरण बालसंगोपनाचे. तीन व चार वर्षांच्या सर्व मुलांसाठी वर्षाला ११४० तास मोफत सांभाळ, हे श्वेतपत्रिकेतील सर्वांत लोकप्रिय आश्वासन. पण बालसंगोपनाचे अधिकार एडिंबराकडे आधीपासूनच होते. मग आताच का करत नाही, असे विरोधकांनी विचारले. माता कामावर जाऊ लागल्या की वाढणारा कर लंडनच्या तिजोरीत जाईल, म्हणून स्वातंत्र्य हवे, असे उत्तर मिळाले. ऑगस्ट २०२१ पासून हीच ११४० तासांची योजना स्कॉटलंडमध्ये पूर्णपणे लागू झाली, आणि तीही स्वातंत्र्याविना. आश्वासन खरे होते. त्याला स्वातंत्र्याची जोडलेली अट खरी नव्हती. आरोग्यसेवेचेही तसेच. ती १९९९ पासून एडिंबराच्याच अखत्यारीत असताना, ती वाचवायची तर 'हो' म्हणा, हा प्रचार अखेरच्या आठवड्यांत जोरात चालला.

'नाही'च्या पोटातली अनिश्चितता

येथपर्यंतचा हिशेब पाहता अनिश्चितता सारी 'हो'च्या बाजूलाच होती असे वाटेल. प्रचारातही ती तशीच मांडली गेली. स्वातंत्र्य म्हणजे जोखीम आणि संघराज्य म्हणजे सुरक्षितता. 'बेटर टुगेदर' या 'नाही'च्या मोहिमेच्या कार्यालयातच तिला थट्टेने 'प्रोजेक्ट फिअर' म्हणत असल्याचे २०१३ मध्ये बाहेर आले आणि भीतीच्या त्या बागुलबुव्याचे नाव पुढे विरोधकांनी उचलून धरले. मात्र 'नाही'ची चौकट म्हणजे 'आहे ते आहे तसेच राहील' याची हमी नव्हे, हे कोणी फारसे सांगितले नाही.

युरोपीय संघाचेच पाहा. आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष होजे मॅन्युएल बारोझो यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीला सांगितले की स्वतंत्र स्कॉटलंडला संघात प्रवेश मिळणे अत्यंत कठीण, किंबहुना अशक्यच जाईल. कॅटलोनियाच्या चळवळीमुळे धास्तावलेला स्पेन आडवा येईल अशी चर्चा होती. युरोपात राहायचे तर ब्रिटनमध्ये राहा, हा 'नाही'चा ठोस मुद्दा झाला. वस्तुतः कॅमेरॉन यांनी युरोपीय संघाबाबत सार्वमत घेण्याचे आश्वासन जानेवारी २०१३ मध्येच दिले होते. धोका सर्वांना दिसत होता, तो कोणी जमेस धरला नाही इतकेच. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने ५१.९ टक्के मतांनी संघ सोडण्याचा कौल दिला. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के मते राहण्याच्या बाजूने पडली होती. ३१ जानेवारी २०२० रोजी स्कॉटलंड ब्रिटनबरोबर बाहेर पडला.

पहिल्या पानावरची प्रतिज्ञा

७ सप्टेंबर २०१४ रोजी, मतदानाला अकरा दिवस उरले असताना, 'संडे टाइम्स'मध्ये जनमत चाचणी प्रसिद्ध झाली. 'हो' ५१, 'नाही' ४९. सोमवारी पौंड घसरला. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि लॉइड्स यांनी गरज पडल्यास नोंदणीकृत कार्यालय इंग्लंडला हलवण्याची तयारी जाहीर केली. पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेते संसदेतील साप्ताहिक प्रश्नोत्तरे सोडून स्कॉटलंडकडे धावले. माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी अधिकारवाढीचे वेळापत्रकच मांडले. आणि १६ सप्टेंबरला 'डेली रेकॉर्ड'च्या पहिल्या पानावर, जुन्या चर्मपत्रासारख्या दिसणाऱ्या कागदावर, कॅमेरॉन, एड मिलिबँड आणि निक क्लेग यांच्या सह्यांनिशी एक प्रतिज्ञा झळकली. स्कॉटिश संसदेला व्यापक नवे अधिकार मिळतील आणि निधीवाटपाचे बार्नेट सूत्र कायम राहील, असा तिचा आशय होता.

मतदानापूर्वीच्या २८ दिवसांत सरकारांनी नव्या घोषणा करू नयेत, असे ठरले होते. ही घोषणा सरकारची नसून पक्षनेत्यांची आहे, अशी पळवाट काढण्यात आली. आपल्याकडे आचारसंहितेच्या काळात चालणाऱ्या कसरती पाहिलेल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. प्रतिज्ञेमुळे निकाल फिरला का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. निकाल ५५.३ विरुद्ध ४४.७ टक्के असा 'नाही'च्या बाजूने लागला. मतदान ८४.६ टक्के झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कॅमेरॉन यांनी स्कॉटलंडच्या अधिकारांबरोबर इंग्लंडच्या खासदारांच्या विशेषाधिकाराचा प्रश्न जोडला. प्रतिज्ञेत त्याचा उल्लेखही नव्हता. तरी तीतील बरेचसे पाळले गेले, हे मान्य करायला हवे. स्मिथ आयोगाने २७ नोव्हेंबरला अहवाल दिला आणि २०१६ च्या स्कॉटलंड कायद्याने वेतनादी उत्पन्नावरील प्राप्तिकराचे दर व टप्पे ठरवण्याचा अधिकार आणि सामाजिक सुरक्षेचा काही भाग एडिंबराकडे गेला. पण स्कॉटिश संसदेच्या संमतीविना तिच्या अखत्यारीत लंडन सहसा कायदा करणार नाही, हा संकेतही त्याच कायद्यात लिहिला गेला होता. त्यातला 'सहसा' हा शब्द पुढे महाग पडला. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा केवळ राजकीय संकेत आहे, न्यायालय तो अमलात आणू शकत नाही, असे स्पष्ट केले. २०१८ मध्ये एडिंबराने संमती नाकारली असतानाही युरोपीय संघातून माघारीचा कायदा लंडनने मंजूर केला.

ऐन वेळी दिलेल्या मोघम शब्दाची ही गत नवी नाही. कॅनडात क्वेबेकच्या मे १९८० च्या सार्वमताआधी सहा दिवस पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी 'नाही' म्हणजे बदलाला होकार, असे सांगून राज्यघटनेच्या नूतनीकरणाचे वचन दिले. नूतनीकरण १९८२ मध्ये झाले, क्वेबेक सरकारच्या संमतीविना. शब्द अक्षरशः पाळला गेला आणि ज्यांनी तो ऐकला होता त्यांना फसवणूक वाटली. १९९५ मध्ये तेथे पुन्हा सार्वमत झाले. या वेळी प्रश्नातच, कॅनडाला आर्थिक व राजकीय भागीदारीचा प्रस्ताव देऊन झाल्यावर सार्वभौम व्हावे का, अशी रचना होती. समोरच्याची सही लागणारे आश्वासन थेट मतपत्रिकेवरच छापले गेले! 'नाही'चा विजय झाला तो ५०.५८ टक्क्यांनी. त्यातून धडा घेऊन कॅनडाने २००० साली प्रश्न आणि बहुमत दोन्ही सुस्पष्ट असावीत असा कायदा केला.

एका प्रश्नावरचा कौल आणि नेत्यांवरचा विश्वास या वेगळ्या गोष्टी असतात, हे मराठी वाचकाला गोव्यावरून ठाऊक आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात प्रश्न स्वातंत्र्याचा नव्हता, महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे इतकाच होता. दोन पानांच्या चिन्हाला १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या फुलाला १,३८,१७० मते पडली. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. कौल विरोधात गेला, आणि दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत गोवेकरांनी बांदोडकरांनाच पुन्हा सत्ता दिली. स्कॉटलंडमध्येही स्वातंत्र्य नाकारल्यानंतर आठ महिन्यांनी, मे २०१५ मध्ये, ब्रिटिश संसदेतील स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा स्कॉटिश नॅशनल पार्टीने जिंकल्या. दिलेली वचने पाळून घेण्यासाठी मतदारांनी वचन देणाऱ्यांऐवजी हरलेल्यांना लंडनला पाठवले, असा त्याचा अर्थ लावला गेला.

एक शब्द मात्र अजून वादात आहे. हे सार्वमत 'पिढीत एकदाच येणारी संधी' आहे, असे श्वेतपत्रिकेत म्हटले होते आणि सॅमंड यांनीही ते अनेकदा सांगितले. हे आश्वासन होते, म्हणून पुन्हा सार्वमत नको, असे लंडनचे म्हणणे. तो फक्त अंदाज होता, आणि ब्रेक्झिटने परिस्थितीच बदलली, असे एडिंबराचे. लंडनच्या संमतीविना स्कॉटिश संसद सार्वमताचा कायदा करू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिला. डार्लिंग २०२३ मध्ये गेले, सॅमंड २०२४ मध्ये. उत्तर आयर्लंडसाठी १९९८ च्या कायद्यात, दोन सार्वमतांमध्ये किमान सात वर्षांचे अंतर असावे असे लिहिलेले आहे. एडिंबरा करारात स्कॉटलंडसाठी असा कोणताही आकडा नाही.